जुनी उपकरणं, नवा संगणक: यूएसबी हब पारखून कसा घ्यावा

नव्या लॅपटॉपला दोन, फार तर तीन टाइप-सी पोर्ट असतात. टेबलावर मात्र वर्षानुवर्षं इमानेइतबारे चाललेला प्रिंटर, स्कॅनर, मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडायचा वाद्याचा कीबोर्ड), एखादा लायसन्स डोंगल (सशुल्क सॉफ्टवेअर चालू होण्यासाठी पोर्टात लावायची छोटी किल्ली) आणि जुनी अडीच इंची हार्ड डिस्क असते, आणि यातल्या एकाचाही प्लग त्या पोर्टात बसत नाही. हब, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी, शोधायला निघावं तर प्रत्येक खोक्यावर ‘५ गिगाबिट’, ‘१० गिगाबिट’ असं ठळक अक्षरांत छापलेलं.

जुन्या उपकरणांसाठी हा आकडा जवळपास बिनकामाचा आहे. ती १.५, १२ किंवा ४८० मेगाबिटवर चालतात आणि दहा गिगाबिटच्या हबला जोडली तरी तेवढ्यावरच चालतात. त्यांची गरज वेगळी आहे: पुरेशी, न डगमगणारी वीज आणि संथ उपकरणं नीट सांभाळणारी हबमधली चिप. पैसे या दोन गोष्टींसाठी मोजायचे.

आधी यादी करा

दुकानात किंवा साइटवर जाण्याआधी प्रत्येक उपकरणापुढे चार गोष्टी लिहून काढा: प्लग कोणता, वेग कोणता, वीज किती ओढतं आणि स्वतःचा अडॅप्टर आहे का. जुना संगणक अजून चालू असेल तर हे काम त्याच्यावरच उरका. तिथे सगळं चालतंय याची खात्री असते.

विंडोजवर ‘यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर’ नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. डावीकडे उपकरण निवडलं की उजवीकडे त्याचा वेग (लो म्हणजे १.५ मेगाबिट, फुल म्हणजे १२, हाय म्हणजे ४८०, सुपर म्हणजे ५ गिगाबिटपासून पुढे) आणि ‘मॅक्स पॉवर’ मिलीअँपियरमध्ये दिसते. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमधला यूएसबी विभाग बघा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ हा आदेश ‘हायफन व्ही’ जोडून चालवला की हीच माहिती मिळते.

मॅक्स पॉवर म्हणजे उपकरणाने स्वतः केलेला दावा असतो, मोजमाप नव्हे. माउस १०० मिलीअँपियर सांगतो आणि प्रत्यक्षात त्याहून बराच कमी ओढतो. स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा प्रिंटर २ मिलीअँपियर किंवा शून्यच सांगतो. उलट अडीच इंची हार्ड डिस्कचे कित्येक डबे ५०० सांगून मोकळे होतात आणि तबकडी फिरायला लागते त्या दोन-तीन सेकंदांत एक अँपियरच्या घरात जातात. अशा डिस्कबरोबर दोन तोंडांची वाय-केबल यायची ती यासाठीच. म्हणून हिशेब करताना ज्यात मोटर आहे ती वस्तू (डिस्क, डीव्हीडी रायटर, यूएसबीवरच चालणारा चपटा स्कॅनर) चढ्या आकड्याने धरा, बाकीच्यांचा दावा खरा माना.

हब जिथे हात टेकतो

हब फक्त तारा आणि वीज वाटून देतो. ड्रायव्हर (उपकरणाशी कसं बोलायचं ते संगणकाला सांगणारं सॉफ्टवेअर) नसेल तर जगातला सर्वांत महाग हबही तो स्कॅनर चालवू शकत नाही. त्यामुळे खरेदीआधी एक काम करा. साधा टाइप-सी ते टाइप-ए (जुना, आयताकृती यूएसबी प्लग) अडॅप्टर घ्या आणि प्रत्येक उपकरण एकेक करून थेट नव्या संगणकाला लावून बघा. ही चाचणी वगळल्याने हब परत करायची वेळ अनेकांवर येते, आणि दोष हबचा नसतोच.

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि ६४ बिट विंडोजला ३२ बिट ड्रायव्हर चालत नाहीत. निर्मात्याने ड्रायव्हर एक्सपी-व्हिस्टाच्या काळात ३२ बिटवरच सोडून दिला असेल तर तो रस्ता बंद. आर्म प्रोसेसरवरच्या विंडोजला तर आर्मसाठीच बनवलेला ड्रायव्हर लागतो. मॅकवर २०१९च्या कॅटलिना आवृत्तीपासून ३२ बिट प्रोग्रॅम चालणं थांबलं, त्यामुळे जुन्या स्कॅनरची कंपनीने दिलेली सॉफ्टवेअरं तिथेच थांबली. स्कॅनरच्या बाबतीत मात्र लगेच हार मानू नका. व्ह्यूस्कॅन हे सशुल्क सॉफ्टवेअर आणि लिनक्सवरची सेन ही प्रणाली स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येतात आणि कंपन्यांनी टाकून दिलेले ढीगभर स्कॅनर चालवतात.

कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, बहुतेक साधे मिडी कीबोर्ड आणि प्रमाणित वर्गातली साउंड कार्डं यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ती निर्धास्तपणे हबच्या यादीत टाका.

सीरियल पोर्टाच्या वस्तू (जुनी मोजमाप यंत्रं, मशिनचे कंट्रोलर, बारकोड वाचक) यूएसबी-सीरियल केबलने जोडता येतात, पण त्या केबलच्या टोकात चिप कोणती आहे यावर सगळं अवलंबून आहे. एफटीडीआयची चिप असेल तर सहसा त्रास होत नाही. प्रोलिफिकच्या पीएल२३०३ मालिकेतली जुनी एचएक्सए चिप असेल तर विंडोज ११च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या नावाच्या जागीच ‘ही चिप २०१२पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर येतो. तिथे हब बदलून उपयोग नाही, केबल बदला.

समांतर पोर्टाचा जाड प्लग असलेल्या प्रिंटरला यूएसबी-पॅरलल केबल चालते, मात्र ती प्रिंटरपुरतीच. त्याच पोर्टात बसणारे जुने लायसन्स डोंगल, स्कॅनर किंवा झिप ड्राइव्ह त्या केबलवर चालत नाहीत, कारण सॉफ्टवेअरला तिथे खरा पोर्ट लागतो. फायरवायर या जुन्या, वेगळ्या जोडणीचा कॅमेरा किंवा साउंड कार्ड कोणत्याही यूएसबी हबला लावता येत नाही. फायरवायर ते यूएसबी अशी जी स्वस्त केबल मिळते तिच्यात नुसत्या तारा जोडलेल्या असतात. ती घेऊ नका, उपकरण बिघडू शकतं.

गोल सहा पिनांच्या पीएस/२ कीबोर्डची एक खुबी आहे. जांभळी-हिरवी छोटी टोपी म्हणजे नुसती तारांची अदलाबदल असते, आणि ती फक्त पीएस/२ आणि यूएसबी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या कीबोर्डालाच चालते. सुरुवातीपासून निव्वळ पीएस/२ असलेल्या कीबोर्डासाठी आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तो सहसा छोट्या केबलच्या रूपात येतो आणि त्याला कीबोर्ड व माउस अशी दोन तोंडं असतात.

खोक्यातल्या दोन हबांची गोष्ट

यूएसबी ३चा हब म्हणजे एका डबीत दोन स्वतंत्र हब असतात. एक सुपरस्पीडचा, म्हणजे यूएसबी ३च्या वेगाचा, दुसरा यूएसबी २चा. त्यांच्या तारा वेगळ्या, वाहतूक वेगळी. जुनी उपकरणं सगळीच्या सगळी दुसऱ्या हबवर जातात आणि ४८० मेगाबिटची वाट आपसांत वाटून घेतात. प्रत्यक्षात त्यातून सेकंदाला ३५ ते ४० मेगाबाइट मिळतात. प्रिंटर आणि स्कॅनर सहसा एकाच वेळी वापरले जात नाहीत, त्यामुळे ही वाट क्वचितच तुंबते. खरी अडचण त्याहून खालच्या पातळीवर, १२ मेगाबिटच्या उपकरणांत होते.

हब संगणकाशी ४८०च्या वेगाने बोलतो आणि जुन्या मिडी कीबोर्डाशी १२च्या वेगाने. मधे दुभाष्याचं काम करणारा भाग म्हणजे ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर, थोडक्यात टीटी. स्वस्त यूएसबी २ हबमध्ये सगळ्या पोर्टांना मिळून एकच टीटी असतो. चांगल्या हबमध्ये प्रत्येक पोर्टाला एकेक असतो. एकच टीटी असला की त्या हबवरच्या सगळ्या संथ उपकरणांना मिळून फक्त १२ मेगाबिट मिळतात, मग पोर्ट चार असोत की सात.

हे नुसत्या वाचण्याचं प्रकरण नाही, हिशेब करून बघा. १२ मेगाबिट म्हणजे दर मिलीसेकंदाला १,५०० बाइट. ऑडिओ-व्हिडिओसारख्या वेळेच्या बंधनातल्या वाहतुकीला त्यातले जास्तीत जास्त ९० टक्के, म्हणजे १,३५० बाइट राखता येतात. जुना फुल-स्पीड वेबकॅम पूर्ण क्षमतेने दर मिलीसेकंदाला १,०२३ बाइटची जागा अडवतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशा जुन्या साउंड कार्डाला एका दिशेला २८८ बाइट लागतात. रेकॉर्डिंग आणि प्लेबॅक दोन्ही चालू असले की ५७६. बेरीज १,५९९. एका टीटीत हे बसत नाही. म्हणून वेबकॅम चालू केला की साउंड कार्ड गायब होतं किंवा आवाज तुटक येतो, आणि दोन्ही वेगवेगळी लावली तर मस्त चालतात. प्रत्येक पोर्टाला टीटी असलेल्या हबवर तीच दोन उपकरणं शेजारी-शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात.

टीटी किती आहेत हे खोक्यावर कोणीही छापत नाही. चिपचं नाव कळलं तर अंदाज येतो. यूएसबी २च्या हबमध्ये टर्मिनसची एफई१.१एस किंवा जेनेसिस लॉजिकची जीएल८५०जी सापडली तर टीटी एकच. जीएल८५२जी असेल तर प्रत्येक पोर्टाला वेगळा. यूएसबी ३च्या बहुतेक हब-चिपांत प्रत्येक पोर्टाला टीटी असतो, आणि जुन्या उपकरणांसाठी यूएसबी ३चा हब घ्यायचं खरं कारण हेच आहे, गिगाबिट नव्हे. हब हातात आल्यावर खात्री करता येते. ट्री व्ह्यूअरमध्ये हब निवडून त्याची सविस्तर माहिती वाचा, किंवा लिनक्सवर वर सांगितलेला आदेश सूडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवा. तिथे ‘सिंगल टीटी’ किंवा ‘टीटी पर पोर्ट’ असं स्पष्ट लिहिलेलं येतं.

‘एक निळा, तीन काळे’ असा पोर्टांचा हब दिसला तर सावध राहा. अशा डब्यांत अनेकदा सुपरस्पीडच्या तारा थेट निळ्या पोर्टाला दिलेल्या असतात आणि बाकी काम स्वस्तातली यूएसबी २ चिप करते. कीबोर्ड-माउस-डोंगलसाठी तो चालेल, ऑडिओसाठी नको.

विजेचा हिशेब

यूएसबी २च्या पोर्टातून ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपियर मिळतात, यूएसबी ३च्या पोर्टातून ९००. टाइप-सी पोर्ट १.५ किंवा ३ अँपियरही देऊ शकतो, पण प्रत्येक संगणक तेवढं देतोच असं नाही आणि प्रत्येक हब ते पुढे पोचवतोच असंही नाही, म्हणून त्याच्या भरवशावर हिशेब मांडू नये. अडॅप्टर नसलेला यूएसबी २ हब नियमाप्रमाणे १०० मिलीअँपियर स्वतःसाठी धरतो आणि चार पोर्टांना प्रत्येकी १००च देतो. कीबोर्ड चालेल, माउस चालेल, स्कॅनर नाही.

स्कॅनर अशा हबवर कसा वागतो ते ओळखून ठेवण्यासारखं आहे. लावला की ‘सापडला’ असा संदेश येतो, कारण ओळख पटवायला फारशी वीज लागत नाही. प्रीव्ह्यू कधी कधी येतोही. मग प्रत्यक्ष स्कॅनला दिवा पूर्ण पेटतो, त्याच क्षणी मोटर दांडी ओढायला लागते, व्होल्टेज खाली येतं, दांडी अर्ध्या काचेवर थांबते आणि संगणकातून ‘डिस्कनेक्ट’चा आवाज येतो. दोन सेकंदांनी परत ‘कनेक्ट’. लोक ड्रायव्हर तीनदा टाकून बघतात, पण गेलेली असते ती वीज.

तेव्हा अडॅप्टर असलेलाच हब घ्या, आणि त्याचा अडॅप्टर पुरेसा आहे का ते स्वतः मोजा. उदाहरणार्थ: स्कॅनर ५००, अडीच इंची डिस्क १,०००, वेबकॅम २५०, मिडी कीबोर्ड १००, कीबोर्ड आणि माउस मिळून २००, डोंगल ५०. एकूण २,१०० मिलीअँपियर. हबचे स्वतःचे ३०० धरले की २,४००. वर पाव हिस्सा मोकळा ठेवला की ३,०००. म्हणजे ५ व्होल्ट ३ अँपियर, १५ वॅट ही किमान पातळी झाली. ५ व्होल्ट ४ अँपियरचा अडॅप्टर असेल तर निश्चिंत. सात पोर्टांच्या हबबरोबर ५ व्होल्ट २ अँपियरचा अडॅप्टर दिला असेल, आणि असे पुष्कळ असतात, तर तो सात पोर्टांचा हब म्हणून विकलेला साडेतीन पोर्टांचा हब समजा.

काही हबना १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो आणि आत तो ५ व्होल्टवर उतरवला जातो. ही रचना चांगली, कारण अडॅप्टरच्या केबलमधली व्होल्टेजची घट तिथे जाणवत नाही. धोका दुसराच आहे. ५ आणि १२ व्होल्टचे अडॅप्टर बहुधा एकाच मापाच्या गोल पिनेचे असतात. १२चा अडॅप्टर ५च्या हबला लागला तर हब तर जातोच, वर त्याला लावलेल्या वस्तूही जाऊ शकतात. नवा हब आला की त्याच दिवशी अडॅप्टरवर पांढरी पट्टी चिकटवून ‘हब, ५ व्होल्ट’ असं लिहून टाका.

केबलही वीज खाते. वेष्टनावर ‘२८ एडब्ल्यूजी/१पी + २४ एडब्ल्यूजी/२सी’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. एडब्ल्यूजी म्हणजे तारेच्या जाडीचं माप. त्यातला दुसरा आकडा वीज वाहणाऱ्या तारांचा, आणि आकडा जितका लहान तितकी तार जाड. २८च्या तारेत एक मीटर केबलला जाऊन-येऊन सुमारे ०.४३ ओहम रोध असतो, म्हणजे ५०० मिलीअँपियरला ०.२१ व्होल्ट वाटेतच संपतात. २४च्या तारेत तेवढ्याच अंतराला ०.०८ व्होल्ट. स्कॅनर आणि डिस्कला आखूड, जाड केबल द्या. लांब, बारीक केबल माउसला द्या, त्याचं काही अडत नाही.

संगणकाकडचं टोक

हबची संगणकाकडे जाणारी केबल काढता-घालता येणारी असेल तर उत्तम. तीच आधी खराब होते, आणि पुढे संगणक बदलला तर फक्त केबल बदलून भागतं. कायमची जोडलेली आखूड केबल प्रवासी हबला ठीक. टेबलावरच्या हबला ती नको, कारण जड प्रिंटर केबलच्या ओढीने हब लॅपटॉपच्या पोर्टावर लोंबकळतो.

टाइप-ए प्लगचा हब टाइप-सी पोर्टात लावायला सी-प्लग आणि ए-सॉकेटचा छोटा अडॅप्टर वापरा, तो मानकात बसतो. याच्या उलट, म्हणजे ए-प्लग आणि सी-सॉकेटचा अडॅप्टर मानकात नाही. तो बाजारात सर्रास मिळतो, बऱ्याचदा चालतोही, पण त्याच्यावर सी-हब लावून वेग अर्धवट मिळाला तर नवल वाटू देऊ नका.

सी-सॉकेट असलेली काही स्वस्त उपकरणं सी-ते-सी केबलवर मेल्यासारखी पडतात आणि ए-ते-सी केबलवर लगेच चालू होतात. कारण अगदी साधं आहे. सॉकेटच्या दोन सीसी पिनांवर (काहीतरी जोडलंय हे पोर्टाला कळवणाऱ्या) ५.१ किलोओहमचे रोधक बसवायला हवेत, ते वाचवलेले असतात. रोधक दिसला नाही तर सी-पोर्ट वीज सोडतच नाही. हबच्या ए-पोर्टातून ए-ते-सी केबलने ते उपकरण जोडा, प्रश्न मिटला.

एचडीएमआय, कार्ड रीडर, चार्जिंग असं सगळं असलेला सी-हब घ्यायचा असेल तर दोन गोष्टी बघा. एक, त्यावरचा सी-पोर्ट फक्त चार्जिंगचा आहे की डेटाचाही. बहुतेक वेळा फक्त चार्जिंगचा असतो. दोन, चार्जरच्या वीजेतून हब स्वतःसाठी १० ते १५ वॅट राखतो, म्हणजे ६५ वॅटच्या चार्जरमधून लॅपटॉपला पन्नासच्या आसपास पोचतात. शिवाय चार्जर लावला किंवा काढला की विजेची बोलणी नव्याने होतात आणि अनेक हबवर सगळी उपकरणं क्षणभर तुटतात. डिस्कवर फाइल लिहिली जात असताना चार्जरला हात लावू नका. असा हब ४के ६० हर्ट्झचा मॉनिटर चालवायला लागला की कित्येकदा त्याचा यूएसबी वेग ४८० मेगाबिटवर येतो. जुन्या उपकरणांना त्याचा पत्ताही लागत नाही.

पोर्ट किती आणि साखळी किती

यादीत जितकी उपकरणं, त्याहून दोन पोर्ट जास्त घ्या. सात पोर्टांचे बरेच हब म्हणजे आत चार पोर्टांच्या दोन चिपा असतात, पहिलीच्या एका पोर्टाला दुसरी टांगलेली. म्हणून पोर्ट आठ नसून सात. चूक काही नाही, पण साखळीत असा हब दोन कड्या धरला जातो. संगणक आणि उपकरण यांच्यात जास्तीत जास्त पाच हब चालतात. मॉनिटरमधला हब, त्याला सात पोर्टांचा हब, त्याला कीबोर्डातला हब, असं करता करता मर्यादा कधी आली ते कळत नाही. शेवटच्या कडीवरचं उपकरण मग नुसतं दिसेनासं होतं.

विंडोजने ‘पुरेसे यूएसबी कंट्रोलर रिसोर्सेस नाहीत’ अशा अर्थाचा संदेश दिला तर तो विजेबद्दल नसतो. प्रत्येक उपकरण काही एंडपॉइंट (डेटाच्या ये-जा करण्याच्या वाटा) अडवतं आणि इंटेलच्या अनेक यूएसबी ३ कंट्रोलरांवर ९६ची मर्यादा आहे. ऑडिओ आणि मिडीची उपकरणं यात फार खादाड. मोठा हब आणून हे सुटत नाही. उपकरणं कमी करा, किंवा डेस्कटॉप असेल तर वेगळं यूएसबी कार्ड टाका.

प्रत्येक पोर्टाला बटण असलेले हब सोयीचे असतात. स्कॅनर महिन्यातून एकदा लागत असेल तर एरवी बंद. ती बटणं सहसा फक्त वीज तोडतात, त्यामुळे डिस्क बाहेर काढल्याचं संगणकाला आधी सांगा आणि मगच बटण दाबा. पोर्टांमधलं अंतरही बघून घ्या. जाड डोंगल शेजारचा पोर्ट झाकतो आणि चारचे दोन पोर्ट होऊन बसतात.

जोडणी

आधी एक चाचणी, काहीही जोडण्यापूर्वी. निकृष्ट हब आपल्या अडॅप्टरची वीज उलटी संगणकाकडे ढकलतो. हबला अडॅप्टर लावा, संगणकाकडची केबल मोकळी ठेवा. त्या ए-प्लगच्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन पट्ट्यांवर, मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून, मोजा. शून्याच्या आसपास यायला हवं. पाच व्होल्ट दिसले तर हब परत करा. सी-प्लगच्या पिना इतक्या जवळ असतात की मल्टीमीटरच्या टोकांनी दोन चिकटतील, तिथे यूएसबी टेस्टर वापरा. मीटर नसेल तर डेस्कटॉप बंद करून त्याची भिंतीतली पिन काढा, काही मिनिटं थांबा आणि मग हब लावा. मदरबोर्डवरचा दिवा लुकलुकला किंवा पंखा हलल्यासारखा झाला तर वीज उलटी येते आहे.

चाचणी झाली की आधी अडॅप्टर, मग संगणक, मग उपकरणं एकेक करून. प्रत्येकानंतर ते चालवून बघा आणि मगच पुढचं लावा. जुन्या प्रिंटर-स्कॅनरचा ड्रायव्हर आधी टाका, केबल नंतर. त्या काळच्या बऱ्याच ड्रायव्हरांना हाच क्रम लागतो. डिस्क आणि स्कॅनर शेवटी लावा, आणि दोन्ही एकाच वेळी चालवून बघितल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

मग पोर्टांना क्रमांक द्या आणि उपकरणं त्या-त्या जागीच लावत जा. हा नुसता टापटिपीचा सोस नाही. ज्या सीरियल केबलमध्ये स्वतःचा अनुक्रमांक साठवलेला नसतो, उदाहरणार्थ सीएच३४० चिपच्या, ती दुसऱ्या पोर्टात गेली की विंडोज तिला नवं उपकरण समजतं आणि तिचा पोर्ट क्रमांक कॉम ३चा कॉम ७ होतो. कॉम ३ वर अडून बसलेलं जुनं सॉफ्टवेअर मग ‘यंत्र सापडत नाही’ म्हणतं.

अडलं तर

उपकरण थेट चालतं, हबवर नाही: हबवरचं बाकी सगळं काढून तेच एकटं लावा. एकटं चाललं तर वीज किंवा टीटी, याच क्रमाने शोधा. एकटंही चाललं नाही तर केबल बदला, मग पोर्ट.

थेट चालत नाही, हबवर चालतं: हेही होतं. काही अगदी जुनी १२ मेगाबिटची उपकरणं नव्या यूएसबी ३ कंट्रोलरशी थेट जुळवून घेत नाहीत, पण मधे साधा यूएसबी २ हब आला की चालतात, कारण मग त्यांच्याशी हबचा टीटी बोलतो. अडगळीतला जुना चार पोर्टांचा हब फेकण्याआधी हे आठवा.

काही मिनिटांनी झोपतं, पुन्हा लावल्यावर जागं होतं: डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या हबच्या गुणधर्मांत ‘पॉवर मॅनेजमेंट’खाली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची खूण काढा. पॉवर प्लॅनमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करा. लायसन्स डोंगलच्या तक्रारी बहुतेक इथेच संपतात.

कीबोर्ड विंडोजमध्ये चालतो, बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) नाही: काही संगणक सुरू होताना हबच्या पलीकडचं बघत नाहीत. एक कीबोर्ड थेट पोर्टाला ठेवा.

वायरलेस माउस अडखळतो: यूएसबी ३ची वाहतूक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करते. इंटेलने २०१२मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. माउसचा छोटा रिसीव्हर यूएसबी ३ डिस्कच्या शेजारच्या पोर्टात असेल तर पॉइंटर उड्या मारतो. रिसीव्हर अर्ध्या मीटरच्या एक्स्टेंशन केबलवर लावून माउसजवळ आणा आणि डिस्क हबच्या दुसऱ्या टोकाला न्या.